यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि परभणीचे शिवार

यंत्र अभियांत्रिकी, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘मेकॅनिकल’, ही अशी शाखा आहे की तिचा अभ्यासविषय शोधायला परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला कुठे जावे लागत नाही. शेतातले पेरणीयंत्र, बोअरमध्ये सोडलेला पंप, मानवतच्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करणारे जिन, गंगाखेड परिसरातली उसाची गाळपयंत्रे आणि जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या पायथ्याशी फिरणारी टर्बाइन हे सगळे या एकाच शाखेचे धडे आहेत. तरीही बारावीनंतर ही शाखा घेणारा विद्यार्थी चार वर्षे जी पुस्तके वाचतो त्यांतली उदाहरणे बहुतेक मोटारीच्या इंजिनाची, विमानाच्या पंखाची आणि दूरदेशीच्या कारखान्यांची असतात, आणि आपल्या घरच्या पंपाचा त्या पुस्तकातल्या समीकरणाशी काही संबंध आहे हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. हा संबंध जोडून दाखवता आला, तर ही पदवी कशासाठी घ्यायची आणि तिच्यात नेमके काय शिकायचे असते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच मिळू लागतात.

मेकॅनिकल म्हणजे गाड्या दुरुस्त करायला शिकणे, हा समज खेड्यापाड्यांत अजून पक्का आहे, आणि त्यात थोडे तथ्य असले तरी तो अपुरा आहे. चांगला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो, बेअरिंगवर हात ठेवून ते किती दिवस टिकेल हे सांगतो, आणि त्याचे हे ज्ञान खरे व मौल्यवान असते. मात्र ते आधीच बनलेल्या आणि चालू असलेल्या यंत्राविषयीचे ज्ञान असते. अभियंत्याला जे यंत्र अजून बनलेलेच नाही त्याविषयी बोलावे लागते. दांडा किती जाड ठेवला म्हणजे तो तुटणार नाही, पंपाला किती अश्वशक्तीची मोटर लागेल, भट्टीतली किती उष्णता कामाला येईल आणि किती धुराड्यातून निघून जाईल, हे कागदावर आकड्यांत मांडून दाखवणे हे त्याचे काम आहे. त्यासाठी तो चार गोष्टींचा अभ्यास करतो: बल आणि त्यापासून होणारी गती, उष्णता आणि तिचे कामात होणारे रूपांतर, पाणी-वाफ-हवा यांसारख्या वाहत्या पदार्थांचे वागणे, आणि ज्यापासून यंत्रे बनतात त्या धातूंचे गुणधर्म. या चारांच्या जोडीला वस्तू प्रत्यक्ष घडवण्याच्या प्रक्रिया, म्हणजे ओतकाम, वेल्डिंग, लेथवरचे काम इत्यादी, येतात.

ही शाखा महाराष्ट्रात कशी रुजली हे थोडक्यात पाहिले, तर मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याची अडचणही समजते. पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गातून पुढे आजचे सीओईपी उभे राहिले आणि मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हीजेटीआयमागे गिरणगावची गरज होती. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९६० साली निघाले. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था १९८१ साली उभी राहिली, १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि त्यानंतर हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. पुण्याची परंपरा आणि मराठवाड्याची परंपरा यांच्यात एका शतकाहून अधिक अंतर आहे. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्या अभियंता असलेली घरे पुण्यात सापडतात, तर परभणीच्या वर्गात बसलेली कित्येक मुले-मुली आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर असतात.

खुद्द परभणीचे वैशिष्ट्य वेगळ्या ठिकाणी आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, २०१३ पासून ज्याच्या नावाआधी वसंतराव नाईक यांचे नाव लागले, ते या शहरात आहे आणि त्याचे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयही इथेच आहे. कृषी अभियांत्रिकी ही यंत्र अभियांत्रिकीची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची शाखा आहे, कारण तिच्यात शेतीची यंत्रे व शक्ती, सिंचन, मृद व जलसंधारण, अन्नप्रक्रिया आणि अपारंपरिक ऊर्जा हे विषय असले, तरी त्यांचा पाया त्याच बलशास्त्राचा आणि उष्णतेच्या शास्त्राचा आहे. याच विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे, जिथे बैलजोडीने ओढायच्या अवजारांवर काम चालते. बैलांच्या अवजारांवर संशोधन म्हटले की काहींना ते मागासलेपणाचे वाटते. पण बैलाची शक्ती मोजणे हा यंत्रशास्त्राचा पहिला आणि फार सुंदर धडा आहे.

हा धडा असा. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतक्या जोराने दिवसभर ओढू शकतो, असे कृषी अभियंते धरतात. जोडीचे वजन ८०० किलो असेल, तर ओढ ८० किलोभाराची, म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन येते. न्यूटन हे बलाचे एकक आहे आणि एक किलोभार म्हणजे ९.८१ न्यूटन. जोडी ताशी अडीच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ०.७ मीटर, चालते. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, तेव्हा जोडीची शक्ती सुमारे ५५० वॉट भरते, आणि ७४६ वॉटची एक अश्वशक्ती धरली तर ती पाऊण अश्वशक्तीच्या घरात जाते. याच गणिताने पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साठ बैलजोड्यांच्या बरोबरीचा ठरतो, आणि एवढी शक्ती काळ्या रानात उतरवताना चाक घसरते, माती दबते, डिझेल जळते, हे पुढचे प्रश्नही त्याच हिशेबातून उभे राहतात. बल, वेग आणि शक्ती यांतला फरक ज्याला असा एकदा कळला, त्याला पहिल्या वर्षाचे बलशास्त्र परके वाटत नाही.

या पदवीला येण्याच्या वाटा ढोबळमानाने दोन आहेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची, किंवा केंद्रीय पातळीवरची जेईई द्यायची, आणि मग गुणांनुसार केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांत, म्हणजे ‘कॅप राउंड’मध्ये, महाविद्यालयांचे पर्याय भरायचे, ही पहिली वाट. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात शिरायचे, ही दुसरी. पालक पहिल्या वाटेला प्रतिष्ठेची मानतात, परंतु पदविकेहून आलेल्या मुलांचा हात यंत्रावर आधीच बसलेला असतो आणि कार्यशाळेत, प्रकल्पात, मुलाखतीत ती अनेकदा पुढे असतात. त्यांना गणित जड जाते, हेही तितकेच खरे. मुलींच्या बाबतीत एक बदल पालकांनी नीट ध्यानात ठेवावा असा आहे: आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात राज्य शासनाने शंभर टक्के सवलत दिली आहे. मेकॅनिकलच्या वर्गात मुली मोजक्याच असतात. ‘मुलीला लेथवर काय काम’ हा प्रश्न घरातूनच येतो, आणि यंत्र चालवायला आता दंडाची ताकद नव्हे तर मापाची समज लागते हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते.

पहिले वर्ष सर्व शाखांना जवळजवळ सारखेच असते: गणित, भौतिक व रसायनशास्त्र, विजेची मूलतत्त्वे, संगणकाची एखादी भाषा, आणि अभियांत्रिकी आलेखन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘ड्रॉइंग’. या ड्रॉइंगवर बरीच मुले अडखळतात, कारण वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ही तीन चित्रे पाहून ती अख्खी वस्तू मनात उभी करणे ही सवय शाळेने लावलेली नसते. या विषयाला कमी लेखू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक आलेखनच शिकवत होते. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या या माणसाने बेळगावला लोखंडी नांगर बनवला, लोखंडाने जमीन नासते या समजुतीशी झुंज देत तो शेतकऱ्यांच्या गळी उतरवला आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जाऊन यंत्र अभियांत्रिकी शिकले. वडिलांच्या हाताला आणि डोळ्याला जे उमगले होते, ते मोजून पुढे न्यायला मुलाला शास्त्र लागले. पदवीची गरज कुठे सुरू होते हे या एका घराण्यात स्वच्छ दिसते.

पहिल्याच वर्षी कार्यशाळेत विद्यार्थ्याला ‘जॉब’ करावा लागतो. पोलादी पट्टीचे दोन तुकडे व्हाइसमध्ये घट्ट धरून कानशीने घासायचे, कडा काटकोनात आणायच्या आणि एकाच्या खाचेत दुसरा बसवायचा, एवढेच ते काम. घासलेल्या कडेला गुण्या लावून ती उजेडाकडे धरतात. गुण्या आणि पट्टी यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा घासायचे, आणि एका कोपऱ्याची रेघ घालवताना दुसऱ्या कोपऱ्यात नवी उघडते. तळहाताला फोड येईपर्यंत हे चालते. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे हेच काम क्षणात करत असताना हा खटाटोप कशाला, असे विद्यार्थी विचारतात. मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे किती, हे बोटांना कळावे म्हणून, असे त्याचे उत्तर आहे. ज्याच्या बोटांना ते कळलेले नाही, तो पुढे आराखड्यावर वाटेल ती अचूकता लिहितो आणि ती गाठताना कारखान्याचा किती खर्च होतो याचा त्याला अंदाज नसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात या शाखेचा गाभा येतो. ‘थर्मो’, ‘फ्लुइड’, ‘एसओएम’, ‘टॉम’ अशी लाडकी नावे असलेले हे विषय म्हणजे अनुक्रमे उष्मागतिकी, वाहत्या पदार्थांचे शास्त्र, पदार्थांचे बल आणि यंत्रांचे गतिशास्त्र. केटी, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊनही पुढच्या वर्गात जाणे, पडते ती मुख्यतः याच विषयांत. कारण गणित हे जसे आहे, तसेच भाषा हेही आहे. मराठीत ‘ताण’ हा एकच शब्द दोरीच्या ओढीला आणि मनाच्या ओझ्याला चालतो. शास्त्रात मात्र धातूच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती बल येते त्याला प्रतिबल म्हणतात आणि त्यामुळे तो मूळ लांबीच्या तुलनेत किती लांबतो त्याला विकृती. इंग्रजीतले ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ हे जुळे शब्द पाठ करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतला फरक विचारला की तो चाचरतो. त्यालाच रबराचा पट्टा आणि तेवढ्याच जाडीची लोखंडी सळई सारख्याच वजनाने ओढून दाखवली, तर प्रतिबल सारखे आणि विकृती मात्र वेगळी, हे तो स्वतःच्या शब्दांत सांगतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मान्यता दिली आहे. पूर्ण पदवी मराठीतून घ्यावी की नाही यावर मतभेद असू शकतात. संकल्पना मराठीतून समजावून द्यावी आणि संज्ञा दोन्ही भाषांत याव्यात, याबाबत मतभेदाला जागा नाही.

या विषयांचे दर्शन जिनिंगमध्ये फार चांगले घडते. परभणी हा कापसाचा जिल्हा आहे आणि वेचलेल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई व दोन तृतीयांश सरकी असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे जिन दोन रुळांचे असते, आणि त्याचे मूळ तत्त्व फोन्स मॅकार्थी या अमेरिकी संशोधकाने १८४० साली शोधले. चामड्याच्या चकत्या दाबून केलेला, सर्पिल खाचा पाडलेला रूळ सावकाश फिरतो; त्याला एक स्थिर पाते दाबून लावलेले असते. रुळाच्या खडबडीत पृष्ठाला रुईचे तंतू चिकटतात आणि पात्याखालून आत ओढले जातात, सरकी मात्र जाडीमुळे पात्याच्या कडेला अडते, आणि खालीवर हलणारे दुसरे पाते मिनिटाला शेकडो वेळा तिला टोले देऊन तंतूपासून सोडवते. सरकी जाळीतून खाली पडते, रुई पलीकडे निघते.

एवढ्या एका यंत्रात अर्धा अभ्यासक्रम भरलेला आहे. मोटरची गोल गती हलत्या पात्याच्या खालीवर गतीत कशी बदलते, हा यंत्रांच्या गतिशास्त्राचा प्रश्न. रुळाला पाते किती दाबायचे, हा घर्षणाचा प्रश्न: दाब कमी पडला तर तंतू ओढले जात नाहीत, जास्त झाला तर रूळ तापतो, रुईचा कस उतरतो आणि वीजही जास्त लागते. पाते सेकंदाला अनेकदा टोले देत असल्याने त्यावरचे बल सतत उलटसुलट होते आणि एकदाच लावला तर सहज पेलला जाईल असा भार लाखो वेळा लागल्यावर धातूला तडा जातो. याला श्रांती म्हणतात, आणि माणसाच्या थकव्यावरून धातूच्या थकव्याला मिळालेले हे नाव अगदी नेमके आहे. रुळाच्या चामड्यातल्या क्रोमियमचे कण झिजून धुळीत आणि रुईत मिसळतात, म्हणून मुंबईच्या सिरकॉट या केंद्रीय संस्थेने क्रोमविरहित रूळ तयार करण्यावर काम केले. हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे आणि कामगाराच्या फुप्फुसाचाही. जिनच्या हॉलमध्ये एक दुपार उभे राहिलेला विद्यार्थी याच विषयांच्या पुस्तकाकडे परत येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चित्र असते. अशा भेटी अभ्यासक्रमात असतात खऱ्या, पण बहुधा त्या वर्षातून एकदा, बस करून, दूरच्या मोठ्या कारखान्याला असतात, आणि गावच्या बाजाराला लागून असलेले जिन भेट देण्याजोगे मानलेच जात नाही. ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

पंपाचे गणित तर प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशाला लागून आहे. बोअरमधून सेकंदाला दोन लिटर पाणी साठ मीटर उचलायचे असेल, तर दोन किलो गुणिले ९.८१ गुणिले ६० इतकी, म्हणजे सुमारे ११८० वॉट शक्ती केवळ पाण्याला द्यावी लागते. पंप आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर विजेकडून २३५० वॉट, म्हणजे तीन अश्वशक्तींहून थोडी अधिक शक्ती घ्यावी लागते. उन्हाळ्यात पाणी नव्वद मीटरांवर गेले की तोच पंप तेवढेच पाणी देऊ शकत नाही. पाणबुडी पंपात एकावर एक बसवलेली पंख्यासारखी चाके असतात, दुकानदार त्यांना ‘स्टेज’ म्हणतो, आणि प्रत्येक स्टेज पाण्याला ठरावीक उंची देते. म्हणून खोली वाढल्यावर नुसती मोटर मोठी करून भागत नाही, तर त्या उंचीला आणि त्या प्रवाहाला जुळणारा पंप निवडावा लागतो. चुकीचा जोड बसवलेला पंप पाणी देतो, पण वर्षानुवर्षे जादा वीज खात राहतो, आणि त्या नुकसानीची पावती कोणी देत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. येलदरीला हेच गणित उलट दिशेने चालते: तिथे उंचावरचे पाणी खाली येताना टर्बाइनला फिरवते, आणि साडेसात मेगावॉटचे तीन संच मिळून साडेबावीस मेगावॉट वीज निर्माण करण्याची त्या केंद्राची क्षमता आहे.

उष्मागतिकी हा विषय अवघड मानला जातो तो त्याच्या दुसऱ्या नियमामुळे. उष्णतेपासून काम मिळवताना काही उष्णता थंड जागेकडे सोडावीच लागते, कितीही उत्तम यंत्र केले तरी ती सगळी कामात बदलत नाही, असा हा नियम आहे. तो फळ्यावर रुक्ष वाटतो, पण परभणीच्या शेजारी परळीला त्याने लोकांना प्रत्यक्ष दर्शन दिलेले आहे. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाहून थोडी जास्त विजेत उतरते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी उरलेल्या उष्णतेतला मोठा वाटा थंड पाण्याला द्यावा लागतो, आणि त्या पाण्यातला काही भाग मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जातो. परळीला हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. २०१३ आणि पुन्हा २०१५ च्या दुष्काळात पाणी संपले आणि वीज केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे धडधाकट होती, पण उष्णता टाकून द्यायला थंड जागा उरली नव्हती. दुसरा नियम यापेक्षा स्पष्ट कोणते पुस्तक शिकवणार?

साखर कारखान्यात त्याच नियमाशी वेगळ्या रीतीने जुळवून घेतलेले असते. रस काढल्यावर उरलेले उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात आणि ज्यात जवळजवळ निम्मे पाणीच असते, ते बॉयलरमध्ये जाळून उच्च दाबाची वाफ करतात. ती टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे उसाचा रस आटवायला वापरतात. परळीत जी उष्णता हवेत जाते, ती इथे रसात जाते. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. शेजारशेजारच्या या दोन ठिकाणांची तुलना करणारा एक तास ज्या वर्गाला मिळाला, त्या वर्गाला कार्यक्षमता हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

या शाखेला ‘स्कोप’ आहे का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो टाळून चालणार नाही. गेल्या काही वर्षांत ओढा संगणकाच्या शाखांकडे गेला, मेकॅनिकलच्या जागा अनेक महाविद्यालयांत रिकाम्या राहिल्या, आणि सुरुवातीचा पगार या शाखेत सहसा कमी असतो हे खरे आहे. कारखान्यात पहिली काही वर्षे पाळीत उभे राहून काम करावे लागते, आणि चाकण, वाळूज किंवा शेंद्र्याला बिऱ्हाड न्यावे लागते. ज्याला हे नको असेल, त्याने केवळ जागा मिळते म्हणून ही शाखा घेऊ नये. पण ज्याला वस्तू घडवण्यात, यंत्र उघडून पाहण्यात रस आहे, त्याचे ज्ञान लवकर शिळे होत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीलाही चाके, बेअरिंग, ब्रेक आणि बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था लागते. संगणक या शाखेबाहेर राहिलेला नाही, आराखडा, विश्लेषण आणि यंत्राचे नियंत्रण ही तिन्ही कामे आता त्याच्यावरच होतात. रेल्वे, वीज कंपन्या, अभियांत्रिकी सेवा परीक्षा, ‘गेट’ देऊन पदव्युत्तर शिक्षण हे मार्ग आहेतच. त्यांच्या जोडीला जिल्ह्यातच पेरणीयंत्रे, मळणीयंत्रे, डाळमिलची यंत्रे बनवण्या-सुधारण्याचा व्यवसाय आहे, जो आज बहुतेक मिस्त्रींच्या अनुभवावर चालतो आणि ज्याला मोजमापाची फार गरज आहे.

शेवटच्या वर्षीचा प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचा ठरतो, आणि तो बाजारातून विकत आणून किंवा मागच्या वर्षीचा अहवाल उतरवून सादर केला गेला, तर चार वर्षांचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. विषय शोधायला दूर जावे लागत नाही, तिफणीचेच पाहावे. तिफणीवर चाड्यात मूठ सोडणारी बाई बोटांच्या अंदाजाने बी सारखे पाडते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात हेच काम खाचांची तबकडी करते, आणि तिला फिरवते ते जमिनीवरून चालणारे यंत्राचे चाक, साखळी आणि दातेरी चक्रांमार्फत. चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर असेल, तर एका फेऱ्यात ते १५७ सेंटीमीटर चालते. सोयाबीनच्या दोन बियांत ५ सेंटीमीटर अंतर हवे असेल, तर या एका फेऱ्यात एकतीस-बत्तीस बिया पडायला हव्यात. तबकडीला २४ खाचा असल्या आणि चाकाकडच्या चक्राला २१, तबकडीकडच्या चक्राला १६ दात ठेवले, की तबकडी चाकापेक्षा सव्वापटीहून थोडी जास्त फिरते आणि हिशेब जुळतो.

तो जुळतो कागदावर. परभणीची काळी जमीन पहिल्या पावसानंतर चिकट होते, चाकाला माती लागते, आणि ते फिरण्याऐवजी काही अंतर नुसते घसटत जाते. चाक दहा टक्के घसरले, तर तबकडीही दहा टक्के कमी फिरते आणि बियांमधले अंतर साडेपाच सेंटीमीटर होते. ओळींमध्ये ४५ सेंटीमीटर धरून हेक्टरी चार लाख चव्वेचाळीस हजार बिया पडायच्या, त्या चार लाखच पडतात. एकरी अठरा हजार बियांची तूट येते, आणि शेतकरी दोष देतो बियाण्याच्या उगवणीला. चाकाच्या कडेला कंगोरे किती उंच ठेवले, त्यावर किती वजन टाकले, ओल किती असताना पेरले, म्हणजे ही घसरण कमी होईल, हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा आणि तालुक्याच्या प्रत्येक गावाला उपयोगी पडणारा प्रश्न आहे. त्याची सुरुवात करायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीयंत्राच्या चाकावर खडूने एक खूण करायची, शेतात वीस मीटर मोजून दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या आणि यंत्र एका काठीपासून दुसरीपर्यंत नेताना खूण किती वेळा वर येते ते मोजायचे. पावणेतेरा फेरे व्हायला हवेत. साडेअकराच भरले, तर चाक जवळजवळ दहा टक्के घसरले आहे.